माझा बारावा धडा

चहा आधी संपवा. नाही, खरंच संपवा! पुढचं ऐकताना कप हातात असला तर सांडणार, आणि ही चादर मी आजच अंथरली आहे.

तर मी इंग्रजी शिकले. बोलायला नाही हं, ऐकायला! बोलायचं काय, तोडकंमोडकं कोणीही बोलतं. समोरचा काय बोलतोय ते कळणं, ही खरी मारामारी. आणि ते शिकताना मी जो घोळ घातला ना, तो आमच्या घिवलीत अजून लग्नाच्या पंगतीत लोणच्यासोबत वाढतात.

बोईसरला एमआयडीसीत आमची कंपनी औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवते. चौदा वर्षं मी तिथे तपासणीच्या टेबलावर आहे. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी सांगेन, झाकणाची कड बरोबर आहे की नाही. लाइन इन्चार्जची जागा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. अडचण एकच होती. इन्चार्जला दर शनिवारी परदेशातल्या गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओ कॉलवर बसावं लागतं.

साहेबांनी एकदा मला बसवून बघितलं. पडद्यावरची बाई काहीतरी लांबलचक बोलली आणि माझ्याकडे बघत थांबली. मी छान हसून म्हटलं, "यस! व्हेरी गुड!"

साहेबांचा चेहरा उतरला. ती बिचारी विचारत होती, तीन खोकी फुटलेली आली त्याचं काय करायचं!

"सुवर्णा मॅडम," साहेब नंतर म्हणाले, "काम में आप नंबर वन. लेकिन सुनना सीखो. तीन महीने बाद फिर बिठाऊंगा. नहीं हुआ, तो बाहर से आदमी लाना पड़ेगा."

बाहेरून? चौदा वर्षं झाकणं मी तपासली आणि खुर्चीवर बाहेरचा बसणार? माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. रागाचं होतं ते. घरी गेले आणि लेकीपुढे मोबाईल ठेवला. "ऋतुजा, ह्याच्यात इंग्रजी भर."

ऋतुजा कॉलेजात जाते आणि आईला शिकवताना तिला भलता चेव चढतो. तिने मोबाईलमध्ये ऐकायचे पंधरा धडे टाकले. वर नियम घातला. "आई, एकेका शब्दामागे धावू नको. सुटला शब्द की सोडून दे. कोण बोलतंय, काय करायला सांगतंय, एवढंच पकड. आणि खाली लिहून येतं ते वाचायचं नाही!"

मग काय विचारता! कंपनीच्या गाडीत कानात इंग्रजी, भाकरी थापताना इंग्रजी, केस विंचरताना इंग्रजी. पहिले पंधरा दिवस तो धड्यातला माणूस तोंडात गरम बटाटा धरून बोलतोय असंच वाटायचं. गाडीत तर मला झोपच लागायची. ड्रायव्हर आरशातून विचारायचा, "भाभी, अंग्रेजी में सो रही हो क्या?" पण हळूहळू बटाटा निवला. दुकानातलं बोलणं कळलं, डॉक्टरकडचं कळलं. अकरा धडे झाले.

आता एक गोष्ट मध्येच सांगते. आमचं घर समाजमंदिराला खेटून आहे, भिंतीला भिंत. महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला गाणी लावायला मी माझा मोबाईल तिथल्या लाऊडस्पीकरच्या मशीनला ब्लूटूथने जोडला होता. हे तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

शुक्रवार होता. आमच्या कंपनीला सुट्टी. दुसऱ्या दिवशी साहेबांचा तो कॉल! ऋतुजा क्लासला गेलेली. मी ओट्यापाशी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, सोलत बसले होते, कोपरापर्यंत हात बरबटलेले. म्हटलं, वेळ कशाला घालवा? करंगळीने मोबाईलवर बारावा धडा लावला. आवाजच नाही! पुन्हा दाबलं. तरी शांत. "मेलं नेटवर्क," म्हटलं आणि परत करंदीकडे वळले.

आणि बाहेर समाजमंदिराच्या छपरावरचे कर्णे कडाडले. "अटेन्शन प्लीज! अटेन्शन प्लीज!"

आता आमचं गाव समजून घ्या. अणुवीज केंद्र आम्हाला हाकेच्या अंतरावर. अधूनमधून इथे आपत्कालीन सराव होतो. भोंगा वाजतो, गाड्या येतात, हातात कागद घेतलेले साहेब येतात. दुसऱ्या कुठल्या गावात कर्ण्यातून असा गंभीर आवाज आला तर लोक म्हणतील, निवडणूक आली. घिवलीचा माणूस म्हणतो, सराव आला!

मी अंगणात धावले. आणि काय सांगू, अहो, मला कळत होतं! सगळं! शब्दन् शब्द! शांतपणे बाहेर पडा. सामान घेऊ नका. लिफ्ट वापरू नका. मोकळ्या मैदानात जमा. पुढच्या सूचनेची वाट बघा. छातीत असं काही भरून आलं की सराव-बिराव राहिला बाजूला, मला साहेबांना फोन करून हे ऐकवावंसं वाटलं.

शेजारच्या हेमाकाकी म्हावऱ्याची पाटी घेऊन विकायला निघाल्या होत्या. त्या थबकल्या. "सुवर्णा, काय बोलतंय गो ता? मराठीत नाय काय सांगत?"

"मोठे साहेब आले असतील दिल्लीहून," मी रुबाबात म्हटलं. "थांबा, मी सांगते. सगळ्यांनी मैदानात जमायचं!"

"पण सरावाला तर दारं-खिडक्या लावून घरात बसाला सांगतात ना?"

"ते जुनं झालं, काकी! आता नवीन पद्धत!"

बघा आत्मविश्वास! तोवर दहा-बारा माणसं जमली. मी पायरीवर चढले. कर्णा एक वाक्य बोलायचा, मी त्याचं मराठी करायचे. "सामान घेऊ नका! काकी, पाटी ठेवा!"

"ता सामान नाय! म्हावरा हाय म्हावरा!" काकींनी पाटी डोक्यावर घट्ट धरली.

"लिफ्ट वापरू नका!"

"लिफ्ट?" मागून कोणीतरी विचारलं. "आपल्या गावात लिफ्ट कुठं हाय, वयनी?"

इथे, इथे मला शंका यायला हवी होती. तुम्हाला आली ना? मला नाही आली. मी म्हटलं, "सूचना सगळ्यांना सारखीच असते. केंद्राच्या कॉलनीत आहेत लिफ्ट!" आणि लोकांना पटलं हो! इंग्रजी कळणाऱ्या बाईला कोण काय विचारणार?

निघाली वरात शाळेच्या मैदानाकडे. पुढे मी, करंदीचे हात हवेत धरून. मागे साठ-सत्तर माणसं. एका आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं, ते वाटेत सगळ्यांना हात करत होते. मैदान दोन मिनिटांवर, कर्ण्यांचा आवाज तिथवर खणखणीत येतो. मध्ये थोडं संगीत वाजायचं, मग तीच सूचना पुन्हा, आणखी सावकाश. मी म्हटलं, वा! लोकांची किती काळजी घेतात! आणि परत भाषांतर करायचे.

सगळे रांगेत उभे राहिले. मी मोजणीसुद्धा केली. मनात म्हटलं, सुवर्णा, उद्याचा कॉल म्हणजे काय, चुटकीसरशी!

कर्ण्यात टिंग वाजलं. तो माणूस पुढचं बोलला. मी सवयीने, खणखणीत आवाजात मराठी केलं, "आता प्रश्न पहिला. लोकांनी कुठे जमायचं आहे?"

"मैदानात!" सगळं गाव एका सुरात ओरडलं.

कर्णा म्हणाला, बरोबर उत्तर, मोकळ्या मैदानात. मी तेही सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या!

"प्रश्न दुसरा," मी म्हणाले, पण आता माझा आवाज जरा खाली आला होता. "लोकांनी काय... काय वापरायचं नाही?"

"लिफ्ट!" हेमाकाकींचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

आणि तेवढ्यात मैदानाच्या फाटकातून ऋतुजा आली, खांद्याला क्लासची बॅग. तिने गावाकडे बघितलं, कर्ण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई," ती म्हणाली, "हा तर आपला बारावा धडा आहे!"

मंडपवाल्या नितीनने संध्याकाळच्या हळदीसाठी मशीन चालू करून ठेवलं होतं आणि तो चहाला गेला होता. मशीनने आपलं ओळखीचा मोबाईल शोधला. कुणाचा, ते सांगायला नको! आणि सामान घेऊ नका म्हटल्यामुळे मोबाईल मी इमानदारीने ओट्यावरच ठेवून आले होते.

मला वाटलं, आता मार बसतो. हेमाकाकींनी पाटी खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले. "म्हणजे ही इंग्लिशची परीक्षा होती?"

"हो, काकी," मी पुटपुटले.

"आन आमी पास झालो?"

"दोन्ही उत्तरं बरोबर, काकी," ऋतुजा म्हणाली.

"मग लाव की तिसरा प्रश्न!"

असं हसलं सगळं गाव! आजोबांची खुर्ची हसता हसता कलंडायची राहिली. मी मात्र तोंड लपवत घरी पळाले. लपवणार तरी कशाने, हाताला करंदी!

दुसऱ्या दिवशी कॉलला बसले तेव्हा एक गोष्ट जाणवली. भीतीच गेली होती. अख्ख्या गावासमोर फजिती झाल्यावर पडद्यावरच्या एका बाईला काय घाबरायचं? ती बोलत होती, मी ऐकत होते. शब्द सुटत होते, सुटू दिले. साहेब तिला माल कधी निघेल ते सांगायला लागले, तशी मी मध्येच म्हटलं, "सर, मॅडम तारीख नाही विचारत. निळ्या झाकणांत दोन रंग का आले, ते विचारतात." आणि सरळ तिलाच सांगितलं, माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, की ते दोन वेगळ्या लॉटचे आहेत, पुढच्या वेळी वेगळ्या खोक्यांत भरू. बाई म्हणाली, "एक्सलंट!" ते तर काय, बारा धड्यांशिवायही कळलं असतं.

लाइन इन्चार्ज मी! बाहेरचा माणूस बाहेरच राहिला. घरी येताना गाडीत मी एवढी हसत होते की ड्रायव्हर म्हणाला, "भाभी, आज जागी हो!"

पण बोईसर-घिवली अंतर ते कितीसं? मैदानातली गोष्ट सोमवारपर्यंत कंपनीत पोचली होतीच. साहेबांनी बोलावलं. "मॅडम, दस मिनट में सत्तर आदमी मैदान में? कमाल है! आज से कंपनी का सेफ्टी ड्रिल भी आप ही देखेंगी."

त्या महिन्यात पहिलं ड्रिल. मी हिरवं जाकीट घातलं, हातात शिट्टी. ठरल्या वेळी भोंगा वाजला, चांगला मोठ्याने. मी ओरडले, "चला, सगळे बाहेर!"

एक माणूस जागचा हलला नाही! सगळे हाताची घडी घालून माझ्याकडे बघत हसत होते.

"मॅडम," माझ्याच टेबलावरची मुलगी म्हणाली, "आधी तुमचा मोबाईल बघा!"

भोंगा चालूच होता. आणि खरं सांगू? मी आधी मोबाईलच काढून बघितला.