नऊ नंबरचे बूट

रुपाली पहाटे चारला उठायची. इंग्लंडमधल्या शेफील्डला काम पाचला सुरू व्हायचं आणि तेव्हा बस नसायची, म्हणून चालत जायचं. तीन मजली ऑफिस होतं. कचऱ्याचे डबे रिकामे करायचे, टेबलं पुसायची, गालिच्यावरून मशीन फिरवायचं, शेवटी संडास. आठला तिथले लोक यायच्या आत बाहेर पडायचं आणि नऊला वर्गात बसायचं. मॉरीन नावाची म्हातारी मुकादम तिला म्हणाली होती, मशीन हातानं ओढू नकोस, अंग पुढे टाकून ढकल. हे रुपालीनं मला सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. कामाची रीत सांगणारं माणूस परदेशातही भेटलं तर निम्मं ओझं कमी होतं.

शेफील्ड हे नाव आम्हाला आधीपासून माहीत होतं. मी आणि तिचे वडील मच्छिंद्र एकाच फोर्जिंग कंपनीत. मी निवृत्त झालो, तो अजून भट्टीवर होता. आमच्याकडच्या जुन्या कानशींवर त्या गावाचं नाव ठोकलेलं असायचं. पोरगी तिकडे चालली म्हटल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "म्हणजे पोलाद चांगलं असणार." त्या गावाबद्दल त्याला आणखी काही विचारायचं नव्हतं.

हे २००५ सालचं. रुपाली पुण्यातल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. त्या कॉलेजानं तिला एका सत्रासाठी तिकडे पाठवलं होतं. हिंजवडीच्या एका कंपनीनं तिला नोकरी कबूल केली होती, पण हे सत्र पास होऊन आली तरच. कर्वेनगरच्या मागच्या गल्लीत त्यांची दोन खोल्यांची जागा. घरात मच्छिंद्र, त्याची बायको हिरा, आणि त्याचे म्हातारे आईवडील, सीतारामआबा आणि सोजरबाई. आबा मंडईत जन्मभर हमाली केलेले. रुपाली निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांची चप्पल तुटली. ती स्वतः जाऊन त्यांना नवी घेऊन आली. सात नंबर. आबांचा पाय लहान होता. "पाय लहान, ओझी मोठी," असं ते स्वतःच म्हणायचे.

"आबा, तिकडे कमावलं की तुम्हाला बूट आणते," रुपाली म्हणाली होती.

"मला काय पलटणीत जायचंय?"

"मऊ असतात हो. सकाळी फिरायला."

"आण बाई. पलटण बोलवेल तेव्हा बोलवेल."

मे महिन्यात आबा गेले. सकाळी चहा घेतला, भिंतीला टेकले, आणि तसेच राहिले. रुपालीची परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती.

माणसं जमली, कुणीतरी म्हणालं, पोरीला फोन करा. सोजरबाई कोपऱ्यात बसली होती. तिथूनच म्हणाली, "तिला कुणी काही सांगायचं नाही. ती काय विमानातून उडी मारून येणार आहे? परीक्षा होऊ दे." कुणी वाद घातला नाही. आमच्याकडे असंच करतात. परीक्षेला बसलेल्या पोराला मरण कळवत नाहीत.

पण दर दुसऱ्या रविवारी मच्छिंद्र आणि हिरा आनंदच्या सायबर कॅफेत जायचे. तिथल्या कॉम्प्युटरवर कॅमेरा होता, त्यावर पोरगी दिसायची आणि पोरीला हे दिसायचे. ठरलेल्या रविवारी गेलो नाही तर ती शंका घेणार. गेलो तर मच्छिंद्रचं मुंडण दिसणार. दहावा नुकताच झाला होता.

टोपी माझी होती. पांढरी, स्वच्छ धुतलेली. मच्छिंद्रनं जन्मात टोपी घातली नव्हती. हिरानं ती पुढे ओढली, मागे ओढली, कानामागचं गुळगुळीत डोकं दिसत नाही ना ते बघितलं आणि म्हणाली, "चला." मी सोबत गेलो. आनंदनं आम्हाला कोपऱ्यातली जागा दिली आणि पंखा आमच्याकडे वळवला. टोपी उडेल म्हणून हिरानं तो परत फिरवला.

रुपाली पडद्यावर आली. मागे तिची खोली. खिडकी एवढीशी, तीही वीतभरच उघडायची. पोरं पडू नयेत म्हणून तशी केलेली, असं तिनं आधी सांगितलं होतं.

"बाबा, ही टोपी काय? निवडणुकीला उभे राहिलात?"

"उन्हाची आहे."

"आनंदच्या दुकानात ऊन?"

"येताना होतं. तू जेवलीस का?"

"जेवले. आई, तू अशी का दिसतेस?"

"हा कॅमेराच तसा आहे," हिरा म्हणाली. "अभ्यास कर. जागत बसू नकोस."

"आबा-आजी नाही आले?"

मच्छिंद्रला सरळ प्रश्नाला खोटं उत्तर देता येत नाही. तो म्हणाला, "आजी नाही म्हणाली यायला." ते खरंच होतं. सोजरबाईनं स्वच्छ सांगितलं होतं, मला पोटात ठेवून बोलता येत नाही, तुमचं तुम्ही बघा. आबांबद्दल तो काही बोलायच्या आत चित्र अडकलं. तसं ते नेहमीच अडकायचं. आनंद म्हणाला, लाइन गेली. आम्ही सुटलो म्हणून बाहेर आलो.

सुटलो नव्हतो. अडकलेलं चित्र तिच्या पडद्यावर तसंच राहिलं होतं. बापाचा चेहरा, वर माझी टोपी आणि ओठावर मिशी नाही. आईबापापैकी कुणी गेलं की मुलगा डोक्याबरोबर मिशीही उतरवतो. आम्ही चौघंपाचजण दहाव्यापासून त्याला तसाच बघत होतो, आमच्या डोळ्यांना त्याची सवय झाली होती. डोकं झाकायचं सगळ्यांना सुचलं. मिशी कुणाला आठवली नाही.

पुढचं रुपालीनं मला नंतर सांगितलं.

ती पडद्यासमोर बसून राहिली. दोघांतलं एक गेलं, एवढं तिला कळलं. कोण, ते कळलं नाही. आबा की आजी. फोन उचलून विचारलं असतं तर बाबांनी खरं सांगितलं असतं, हेही तिला माहीत होतं. पण मग घरच्यांनी इतके दिवस दातावर दात धरून जे सांभाळलं ते त्यांच्या हातून फुटलं असतं. ती परीक्षेला बसेल की नाही या काळजीत त्यांना दिवस काढावे लागले असते. पुण्यातल्या मैत्रिणीला, शेफालीला, विचारावं, तर तिच्या पोटात काही राहत नाही. तिकीट परीक्षेनंतरचं. जायला वाट नाही आणि विचारायला माणूस नाही.

काम मात्र चुकलं नाही. पहाटे टेबलं पुसताना ती एका टेबलापाशी आजी गेली असं धरायची, दुसऱ्यापाशी आबा गेले असं. आबा गेले असं मनात धरलं की आजी जिवंत असल्याचा आनंद व्हायचा आणि त्या आनंदाची लाज वाटायची. मग उलट. मॉरीननं एकदा विचारलं, तब्येत ठीक नाही का? ही म्हणाली, ठीक आहे. मॉरीननं संडासाचं काम त्या दिवशी स्वतः घेतलं.

शेवटी तिनं एक युक्ती काढली. परीक्षा दोन दिवसांवर असताना घरी फोन केला. मी दारातच उभा होतो. मच्छिंद्रनं फोन घेतला. सोजरबाई भिंतीकडे तोंड करून बसली. हिरा पोळी तव्यावर टाकून तशीच उभी राहिली.

रुपाली म्हणाली, "बाबा, पगार झालाय. आबांना बूट कबूल केले होते, आणि आजीला पण काहीतरी घेते. मला मापं सांगा."

तिला वाटलं, जो माणूस नाही त्याच्या मापाशी बाबा अडखळतील.

मच्छिंद्र अडखळला नाही. नको म्हणावं तर पोरीला कळणार. हो म्हणावं तर पोरीनं पहाटे उठून मिळवलेला पैसा मेलेल्या माणसाच्या बुटात जाणार. भट्टीवरचा माणूस, लोखंडाचा तुकडासुद्धा फेकून द्यायची सवय नाही.

"आजीचं चार," तो म्हणाला. "आबांचं नऊ."

रुपालीनं पुन्हा विचारलं.

"नऊ?"

"नऊ."

"बरं. ठेवते बाबा. पेपर आहेत."

त्यानं फोन ठेवला. सोजरबाई भिंतीकडे बघतच म्हणाली, "नऊ कुणाचं?"

"माझं. वाया कशाला घालवायचे?"

"त्यांचं सात होतं."

"तिला काय ठाऊक?"

"जाताना त्यांची चप्पल कुणी आणली? तू?"

मच्छिंद्र खाली बसला. तव्यावरची पोळी जळाली तेव्हा हिरा हलली. मी घरी जावं की थांबावं मला कळेना. जन्मात एकदा खोटं बोलला तर ते पोरीला सगळं सांगून गेलं.

"परत फोन कर," हिरा म्हणाली. "सांगून टाक."

"आणि कळलं नसलं तर?" मच्छिंद्र म्हणाला.

फोन केला नाही. पुढचे दिवस त्या घरात फोनची घंटा वाजली की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि उचलायला कुणी पटकन पुढे होत नसे. ती फोन करायची, पेपर बरा गेला म्हणायची. घरचे बरं म्हणायचे. तिनं आबांचं नाव काढलं नाही. यांनीही काढलं नाही. नाव निघत नाही हे दोन्हीकडे ऐकू येत होतं. मच्छिंद्र कामावर जायचा, घण पडायचा, जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून तसाच बंद करायचा. हे मला त्याच्या पाळीतल्या पोरांनी सांगितलं.

तिकडे रुपाली त्या रात्री रडली. सकाळी चारला उठली. तीन मजले झाडले. दुसऱ्या दिवशी पहिला पेपर दिला. मी तिला विचारलं, कसं जमलं? ती म्हणाली, "काका, रडत बसले असते तरी तिथेच बसायचं, आणि पेपर लिहिला तरी तिथेच. उठून जायला जागाच नव्हती. मग पेपर लिहिला." सगळे पेपर असेच झाले. शेवटच्या दिवशी मॉरीनला किल्ली परत दिली आणि दुकानात गेली.

जूनच्या शेवटी ती आली. विमानतळावर मच्छिंद्र एकटाच गेला. माझी टोपी त्यानं घरी ठेवली होती. डोक्यावर खुंट आले होते, ओठावरही. तिनं ते बघितलं. रिक्षात बसल्यावर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

घरी आली ती आधी आबांच्या फोटोसमोर उभी राहिली. मग आजीच्या मांडीत तोंड घातलं. सोजरबाईनं तिला थोपटलं आणि म्हणाली, "पास झालीस का ते सांग आधी."

"लागायचाय निकाल. होईन."

"मग रड आता."

बॅग उघडली तेव्हा मी तिथेच होतो. वजन बसेना म्हणून पुस्तकं तिकडेच ठेवून आली होती. आजीसाठी मऊ सपाता निघाल्या, चार नंबर. मग मोठं खोकं निघालं. मच्छिंद्रनं मान खाली घातली. त्यात म्हाताऱ्याचे मऊ, फिरायचे बूट असतील आणि ते आपल्याला घालावे लागतील, असं त्याला वाटत होतं.

तिनं खोकं उघडलं. जाड चामडं, तळ बोटभर, आणि पुढच्या चवड्यावर आतून पोलाद बसवलेलं. मी नखानं वाजवून बघितलं. भट्टीपुढे उभं राहणाऱ्याचे बूट होते. सत्तरी उलटलेल्या हमालाला सकाळी फिरायला असे बूट कुणी आणत नाही.

"घाला," रुपाली म्हणाली.

मच्छिंद्रनं पाय आत घातले. तिनं खाली बसून नाड्या बांधल्या. कुणी माप विचारलं नाही.

हिंजवडीची नोकरी तिला पुढे लागली, पगार आला, घरात फ्रिज आला, तो वेगळा पैसा. शेफील्डला पहाटे चारला उठून केलेल्या कामातून आल्या त्या सपाता आणि हे बूट. मच्छिंद्र निवृत्त होईपर्यंत तेच घालून भट्टीवर उभा राहिला.