जुना अर्बाब

आखातात, दार्सैतमध्ये, माझे केस कापणारे चाचा रत्नागिरीकडचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. काही विचारायचं असलं की ते आधी दोनदा हवेत कात्री वाजवायचे. मी उत्तर द्यायला वळलो, की दोन बोटांनी माझं डोकं आरशाकडे फिरवायचे. “मान हलवू नको, बाबू.”

त्या सुट्टीत मी अमेरिकेतली युनिव्हर्सिटी बदलत होतो. घरी येणारा प्रत्येक जण नवीचं रँकिंग विचारायचा. चाचांनी मात्र कात्री वाजवून विचारलं, “जुन्या अर्बाबानं सोडलान काय?”

अर्बाब म्हणजे इथला मालक. नोकरी बदलायची तर आधी त्यानं ‘रिलीज’ द्यायला हवं, हे चाचांच्या डोक्यात पक्कं. मला हसू आलं. पण माझं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. जुनी युनिव्हर्सिटी माझी व्हिसाची नोंद सोडेना आणि त्याशिवाय नवी मला कागद देईना.

ते सांगितल्यावर चाचा म्हणाले, “भांडू नको. सलाम कर नि मागून घे.”

घरी येऊन मी लिहून ठेवलेली तिखट ईमेल खोडली आणि गोडशी एक पाठवली.

पुढच्या खेपेला खुर्चीत बसता बसताच सांगितलं, “चाचा, सोडलं!”

“सोडलान रे!” चाचा ओरडले. अख्ख्या दुकानानं माझं अभिनंदन केलं. आता कुठे चाललोय, हे एकानंही विचारलं नाही.

मी हसत मागे वळलो. “चाचा, तुम्ही कधी मागितलंत रिलीज?”

कात्री वाजली नाही. दोन बोटांनी माझं डोकं हळूच आरशाकडे फिरवलं.

“मान हलवू नको, बाबू.”