मशीन सुरू होईपर्यंत

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात. उभं आयुष्य वरखाली करण्यात गेलं, पण विमानात काही बसले नव्हते. लोकांना दहाव्या मजल्यावर सुखरूप पोचवायचं आणि आपण खालच्या खड्ड्यात बॅटरी तोंडात धरून ग्रीस पुसत बसायचं, हा यांचा धंदा. माणूस म्हणाल तर साधा. कुणाची पै घेणार नाही, कुणाची ठेवणार नाही. एकच खूळ डोक्यात शिरलं होतं, ते म्हणजे क्रेडिट कार्डाचं.

त्याला कारण आमची लेक. ती लग्न करून समुद्रापलीकडे गेली आणि तिकडे तिला मुलगी झाली. नात फोनवर बोबडं बोलायची आणि मी वेडी फोनचे मुके घेऊन काच खराब करायची. जायचं तर तिकिटांचा आकडा ऐकूनच घाम फुटायचा. अशात यांना कामावर कुणीतरी सांगितलं, की बिलं कार्डाने भरली की पॉइंट मिळतात आणि पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट. झालं! त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही.

पण आमचं घर ते केवढं आणि बिलं ती केवढी! दोन माणसांच्या विजेच्या बिलावर विमान उडतंय होय? मग यांनी डोकं चालवलं. भाच्याची कॉलेजची फी, चुलत भावाच्या विम्याचा हप्ता, शेजाऱ्यांच्या घराचा रंग, सगळं यांच्या कार्डावर. "तुम्ही मला रोख द्या, मी कार्डाने भरतो." रोख आली की दुसऱ्या दिवशी बँकेत, कार्डाचे पैसे वेळेच्या आत चुकते. यात लबाडी नव्हती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. पण लाज वाटायची हो! कुणाकडे जेवायला जावं, तर हात धुताधुता यांचा प्रश्न, "यंदा गाडीचा विमा कधी भरताय?" मी मागून शर्ट ओढायची, पण यांना कुठलं कळायला! एका मावसभावाने नवा फ्रिज घ्यायचा म्हटलं, तर हे त्याच्या आधी दुकानात हजर. नातेवाइकांत यांचं नाव पडलं, पॉइंटदादा. पोरंसोरं तोंडावर म्हणायची आणि हे हसून घ्यायचे. मी चिडायची, भांडायची आणि महिना संपला की मीच हळूच विचारायची, "झाले का हो पुरते?"

अशात मास्तर आजारी पडले. मास्तर म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, टेलर. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान आणि मागे घर. पायजम्याला नाडी घालायची असली तरी गिऱ्हाइकाला बसवून घेणार, पंखा लावणार, दहा गोष्टी सांगणार. वन्सं यांची एकुलती एक धाकटी बहीण. तिला मूलबाळ नाही, त्यामुळे दुखलंखुपलं की पहिला फोन दादाला. हेही हातातलं काम टाकून धावायचे. हॉस्पिटलात डबा नेणं, डॉक्टरला गाठणं, मास्तरांची दाढी करणं, सगळं यांनी केलं. ते नाही म्हणून चालणार नाही.

शेवटी डॉक्टरांनी यांना बाजूला घेऊन सांगितलं, "आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या. जे काही दिवस असतील ते घरच्यांत जाऊ द्या." मास्तरांनाही तेच हवं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगणं, "मला माझ्या दुकानात न्या. आडवा पडून रस्ता बघेन, दुसरं काही नको." घरी जायचं ठरल्यावर तो माणूस इतका खूश झाला, की नर्सच्या ढगळ कोटाला कुठे टीप मारायची हे सांगायला लागला.

त्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या घरी होते. कापडं बेतायचं टेबल भिंतीला सरकवलं, खिडकीशी खाट लावली, चादर ताणून घातली. मऊ भात करून झाकून ठेवला. भात गार झाला, तरी कुणाचा पत्ता नाही. मी यांना फोन लावला.

"अहो, निघालात का?"

"निघतोच आहे. बिल भरल्याशिवाय कागद मिळत नाहीत आणि इथलं कार्डाचं मशीन बंद पडलंय. लिंक गेलीय म्हणे."

"मास्तर कुठे आहेत?"

"खाली आणलंय खुर्चीत. कपडे घालून तयार आहेत. येतो, येतो."

मी भात परत गरम केला. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा यांचाच फोन आला. आवाज यांचा वाटेचना. म्हणाले, "खाट काढून ठेव."

मास्तर चाकाच्या खुर्चीत बसल्याबसल्याच, बिलाच्या खिडकीसमोर गेले. अंगात स्वतः शिवलेला शर्ट होता.

पुढे घरात माणसं जमली आणि माझी जीभ सुटली. माझा स्वभावच तसा आहे, दुःख झालं की मला आधी राग येतो. आल्या माणसाला मी सांगत होते, "एक माणूस घरी जायचं म्हणून कपडे घालून बसलाय आणि हॉस्पिटलवाल्यांचं मशीन चालत नाही! अहो, माणसापेक्षा मशीन मोठं झालं का? मेल्यांना माणुसकी म्हणून नाही!" लोक माना डोलवत होते. वन्सं कोपऱ्यात बसून होती. माझ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. हे तर उठून बाहेर गेले. मला वाटलं, यांना सहन होत नाही. मी आणखी चार शिव्या घातल्या त्या हॉस्पिटलला.

सगळं आवरून आम्ही घरी आलो. हे बूटसुद्धा न काढता स्टुलावर बसले. खिशातला फोन वाजला. बघेनात, म्हणून मीच बघितला. कार्डवाल्यांचा मेसेज होता. अभिनंदन केलं होतं आमचं. दोन तिकिटांचे पॉइंट पुरे झाले होते.

"मशीन सुरू झालं होतं म्हणजे," मी म्हटलं.

"नंतर झालं."

"मग आधी रोख भरून टाकायची होती. वन्संच्या पिशवीत होती ना?"

हे बुटांकडे बघत म्हणाले, "खिडकीतली बाई म्हणाली होती, रोख चालेल. दोनदा म्हणाली. आज दुप्पट पॉइंट मिळण्याचा शेवटचा दिवस होता. मला वाटलं, डॉक्टर म्हणतात अजून दिवस आहेत. थोडा वेळ थांबलो तर काय बिघडतंय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जगासमोर हॉस्पिटलचा उद्धार करत होते मी! ती बिचारी बाई तिकडे रोख घ्यायला तयार बसलेली आणि मी तिच्या सात पिढ्या काढल्या. मला यांची लाज वाटली आणि महिना संपला की हळूच विचारणाऱ्या माझी स्वतःचीही वाटली. "त्या तिकिटांवर मी पाऊल ठेवणार नाही," मी सांगून टाकलं. लेकीचा फोन आला, "आई, झाले ना पॉइंट? कधी येताय?" मागे नात आजी आजी करून नाचत होती. मी काहीतरी थाप मारून फोन ठेवला आणि पदर तोंडात कोंबून रडले.

यांचं खाणंपिणं सुटलं. लिफ्टच्या कामावरही हात चालेना. एकदा तर बाकीचे अडकलेल्या माणसांना बाहेर काढत होते आणि हे नुसते जिन्यात बसून राहिले. मुकादमाने यांना घरी पाठवलं. शेवटी एक दिवस म्हणाले, "मी तिला सांगतो. जोडा मारू दे, पण सांगतो. तू ये बरोबर."

गेलो. वन्सं दुकानात होती. गिऱ्हाइकांचे अर्धवट शिवलेले कपडे ज्याचे त्याला परत करायचे म्हणून वेगवेगळे गुंडाळत होती. आम्हाला बघून तिने पंखा लावला. हे बसलेच नाहीत. उभ्याउभ्याच बोलायला लागले, "त्या दिवशी मशीन बंद होतं ना, तेव्हा..." एवढा मोठा बाप्या माणूस, हुंदका आवरता आवरेना.

वन्सं म्हणाली, "मला माहीत आहे, दादा. मी तुझ्या मागेच उभी होते. बाई काय म्हणाली ते मीही ऐकलं. पैसे माझ्या हातात होते."

"मग बोलली का नाहीस गं?" हे ओरडलेच.

"कशी बोलू? किती दिवस तू आमच्यासाठी राबलास. तू आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागत होतास. पोरीकडे जायचं होतं तुला. म्हटलं, थोडा वेळच तर आहे." तिने हातातलं कापड खाली ठेवलं. "ते मला विचारत होते, का थांबलोय म्हणून. मी खोटं नाही सांगितलं. म्हटलं, दादा-वहिनीला नातीकडे जायचंय, त्याचं काहीतरी चाललंय. तर म्हणाले, मग थांबू की."

मी कडेला सरकवलेल्या त्या खाटेवरच बसले. हात जोडून म्हटलं, "वन्सं, आम्ही नाही जाणार. ती तिकिटं जळोत. आम्हाला नकोत ती."

तेव्हा मात्र ती चिडली. मी तिला कधी चिडलेलं बघितलं नव्हतं. "नाही कसं जाणार? तुम्ही गेला नाहीत, तर ते उगाच थांबले असं होईल. गपगुमान जायचं, वहिनी."

तिने आमच्यासमोर लेकीला फोन लावला आणि आम्ही येतोय म्हणून सांगितलं. नात तिकडे ओरडायला लागली. हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. वन्संने फोन यांच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बोल तिच्याशी. हसून बोल."