अक्काचा गुरुवारचा निरोप

पल्लवीचा फोन आला तेव्हा मी मारतहळ्ळीच्या ऑफिसात डबा उघडून बसलो होतो. शुक्रवारची दुपार. ऑपरेशन नीट झालं हे सांगायलाच फोन असणार, म्हणून घास तोंडात असतानाच मी "हं, बोल" म्हणालो. भाची म्हणाली, "मामा, आई शुद्धीवर आलीच नाही रे..." अक्का, माझी थोरली बहीण, अडुसष्टाव्या वर्षी गेली. त्याला आता सात आठवडे झाले. लोक येतात, सुटली म्हणतात, हाल झाले नाहीत म्हणतात. मी मान हलवतो. पण एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय अक्काबद्दल मला काही खरं लिहिता येणार नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने मला एक निरोप पाठवला होता. तो मी वाचला नाही. वाचला, असं कळवून मात्र मोकळा झालो.

आम्ही बंगळूरचे जुने मराठी. घरात मराठी, जिना उतरलं की कन्नड. मी तिला अक्का म्हणायचो, ती मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती चौदाची. अप्पांचा खाक्या असा, की घरात रडायचं नाही, कुरकुरायचं नाही, दुखलंखुपलं बोलून दाखवायचं नाही. मला अक्षरं यायला लागली तशी अक्काने एक लिपी काढली. प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतलं पुढचं व्यंजन लिहायचं, काना-मात्रा तशाच ठेवायच्या. सोमवारी एक घर पुढे, मंगळवारी दोन, गुरुवारी चार. रविवारी सुट्टी. माझ्या पाटीवरचं पहिलं गुपित सोमवारचं होतं, "अफ्फा आवे", म्हणजे अप्पा आले. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि माझी पाठ शेकली. नंतर तिने कान धरून बजावलं, "तम्मा, स्वल्प डोकं चालव. हे तोंडाने नाही बोलायचं. वाचलंस की नुसतं सरी म्हणायचं." सरी म्हणजे कन्नडातलं बरं. आमच्यात त्याचा अर्थ ठरून गेला, वाचलं, समजलं, आणि तू म्हणशील तसं करीन.

गंमत म्हणून सुरू झालेलं हे पुढे गंमत राहिलं नाही. तोंडाने अक्का आयुष्यभर एकच वाक्य बोलली, "माझं काय, मी मजेत." सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती आराखडे गिरवणारी ट्रेसर होती, अक्षर छापल्यासारखं. लग्न होऊन म्हैसूरला गेली तेव्हा तिच्या पोस्टकार्डावर वरच्या दहा ओळींत खुशाली असायची आणि तळाशी बारीक अक्षरात दोन ओळी आमच्या लिपीत. खरी अक्का त्या दोन ओळींत राहायची. तिचं पहिलं मूल गेलं ते मला तिथेच कळलं. मी नापास झालो तेव्हा "घरी ये, मी रागावणार नाही" हेही तिथेच आलं. नवरा गेल्यावर दहाव्या दिवशी सगळ्यांना वाटलं, बाई खंबीर आहे. माझ्या खिशात मात्र तिने सरकवलेली चिठ्ठी होती, "आता मी कुणाशी भांडू?" मी लांबूनच म्हणालो, "सरी, अक्का." तिने मान हलवली आणि पानं वाढायला गेली.

पुढे ती एचएसआर लेआउटला पल्लवीकडे राहायला आली. व्हॉट्सअ‍ॅप आलं, आणि अक्काच्या हाती कोलीतच मिळालं. रोज दुपारी एक निरोप. पाठ धरली आहे, इडली दगडासारखी झाली, शेजारीण मला म्हातारी म्हणाली. मी आधी ऑफिसात कागद-पेन्सिल घेऊन उलगडत बसायचो. मग कंटाळलो. घरी गेल्यावर वाचू म्हणून आधी सरी पाठवू लागलो, आणि घरी गेल्यावर विसरू लागलो. तिला कधी कळलं नाही. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला सहकारी एकदा ते पाहून म्हणाला होता, "सर, ये कौनसी भाषा है?" मी हसून म्हणालो, "टाइमपास." हा शब्द मी वापरला. आज स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गुरुवारी दुपारी निरोप आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. ती हॉस्पिटलात दाखल झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचं ऑपरेशन. शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर जाऊ, असा माझा बेत. फोनवर तीन ओळी दिसल्या, "लीनी हाणने..." टेबलाखाली बोट फिरवून मी सरी पाठवलं.

तेराव्याला पल्लवीने मला बाजूला घेतलं. "मामा, एक विचारू? त्या दिवशी सकाळी तू येणार होतास ना? आई सारखी सांगत होती." मी कधी येणार म्हटलं होतं ते मला आठवेना. आठवण्यासारखं नव्हतंच काही. बाथरूममध्ये जाऊन कडी लावली आणि गुरुवारचा निरोप चार-चार घरं मागे नेत गेलो. न-ध-द-थ-त, एकेक अक्षर बोटांवर मोजलं. "भीती वाटते. ऑपरेशन नको. पल्लवीने सगळं ठरवलं, तिला कसं सांगू? उद्या सकाळी आठच्या आत ये आणि तू सांग."

मी गेलो असतो तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. डॉक्टर म्हणाले, तसेही काही महिनेच होते. मी माझा स्वभाव ओळखतो, मीसुद्धा तिलाच समजावलं असतं, करून टाक म्हणून. पण अख्ख्या जन्मात तिने माझ्याकडे एकच मागणं मागितलं होतं, आणि ते फेटाळायलासुद्धा मी तिथे नव्हतो. याला क्षमा कोण करणार? करणारी होती ती गेली.

बाकीचं पल्लवीने सांगितलं. सकाळी न्यायला आले तेव्हा अक्काने त्यांना दोनदा परत पाठवलं. खाटेजवळच्या खुर्चीवर तिने आपली शाल ठेवली होती, पल्लवीलाही बसू देईना. "तम्मा येतोय. त्याने सरी म्हटलंय." साडेआठला नर्स वैतागली, तेव्हा ती मुकाट्याने स्ट्रेचरवर झोपली. दारापर्यंत गेल्यावर तिने पल्लवीचा हात धरला आणि म्हणाली, "ट्रॅफिकमध्ये अडकला असेल गं. आला की त्याला बोलू नकोस."

ते हॉस्पिटल इंदिरानगरला आहे, माझ्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. साडेआठला मी बाल्कनीत दुसरा चहा पीत होतो.