म्हसोबाच्या वडाला पाणी

२०२३ साल. मला बहात्तरावं चालू होतं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिताना हात अडखळतो. पण हे दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं नाही असं ठरवलं आहे.

त्याच्या आदल्या फाल्गुनात ऊस तुटून गेला आणि मी वावरातलं पाचट पेटवलं. बायको म्हणाली होती, जरा वारा पडू द्या. मला कोणी शिकवलेलं चालत नाही. वारा फिरला, आग बांध ओलांडून म्हसोबाच्या वडाला लागली. तो वड किती जुना हे माझ्या आज्यालाही सांगता येत नव्हतं. गाव गोळा झालं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "बिरा बांधावर चिलीम ओढत होता. त्याच्याच ठिणगीनं पाचट पेटलं." बिरा मेंढपाळ. तेवढंच बोललो, पुढचं गावानं केलं. आमच्याकडं खतासाठी मोकळ्या वावरात मेंढरं बसवतात आणि मेंढपाळाला धान्य देतात. त्या दिवसापासून बिराची मेंढरं कोणी बसवून घेईना.

बायकोला खरं माहीत होतं. ती बोलली नाही, पण देवापुढं दिवा लावताना मला हाक मारायची तिनं बंद केली. लहानपणापासून दर रविवारी म्हसोबाला जाणारा मी, वर्षभर तिकडं फिरकलो नाही. त्या साली माझा ऊस मात्र चांगला आला. देव जागा असता तर असं झालं असतं का, असंही मनात यायचं.

साखरेच्या दुखण्यामुळं बारामतीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. आमच्या लाल्या कुत्र्याला घेऊन मी कालव्याच्या चारीवरच्या पुलापर्यंत जायचो आणि वड दिसायच्या आत माघारी फिरायचो. चैत्रातल्या त्या दिवशी बायकोशी तणतणलो, गोळी घेतली, पण भरलं ताट सारून तसाच निघालो. पुलावर लाल्यानं हिसका देऊन दोरी सोडवली आणि थेट वडाकडं पळाला. त्याला शिव्या घालत मागं गेलो. जावंच लागलं.

वडाची एक बाजू कोळशासारखी काळी होती. दुसऱ्या बाजूला तांबूस कोवळी पानं फुटली होती, आणि बुंध्याभोवतीचं आळं ओलं होतं. एवढं बघितलं आणि अंगाला दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढं अंधार आला आणि तिथंच कोसळलो. "म्हसोबा" एवढंच म्हणता आलं. लाल्याचं भुंकणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. मग कोणीतरी तोंडात गुळाचा खडा घातला.

दिसायला लागलं तेव्हा समोर बिरा. शेजारी पाण्याचा कॅन.

"जेवला न्हाय व्हय आबा? रुसून उपाशी ऱ्हायचं वय हाय का तुमचं?"

मी विचारलं, "पाणी कशाला घालतोस?"

"माज्याच चिलमीनं जळला न्हवं. ठिणगी कवा पडली, मला तर आठवत न्हाय. पर तुमी डोळ्यानं बघितलं. तुमी कशाला खोटं बोलाल? म्हणून वरीसभर घालतोय. तुमचा लाल्याबी येतो की रोज, भाकरीच्या आशेनं."

म्हणजे माझा कुत्रा रोज जिथं जात होता, तिथं जायला मला वर्ष लागलं. बिरानं हाताला धरून मला पुलापर्यंत आणून सोडलं. त्या हाताचा भार मी अजून विसरलो नाही.

देवानं गूळ कोणाच्या हातून पाठवावा, याचा मी पुष्कळ विचार केला. शेजारच्या कोणाच्या हातून पाठवला असता तर मी पाया पडून घरी आलो असतो आणि तसाच राहिलो असतो. जन्मभर मी देवाला नारळ दिला, ताठ मान कधी दिली नाही. त्यानं मागितलं असेल ते तेवढंच. त्या संध्याकाळी दिवा लावताना बायकोनं हाक मारली नाही, तरी मी तिच्या शेजारी जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर गेलो. निम्मं गाव रांगेत होतं. किटली खाली ठेवली, टोपी काढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "पाचट मी पेटवलं होतं. बिराचा काय दोष न्हाय. आज त्याची मेंढरं माझ्या वावरात बसतील."