आईला समजावलेलं रक्ताभिसरण

परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आले, तरी इथली परवाना परीक्षा पास झाल्याशिवाय रुग्णाला हात लावता येत नव्हता. पहिल्या खेपेला मी नापास झाले. माझ्याच वर्गातली, जळगाव जामोदच्या कापडवाल्यांची मुलगीही नापास झाली. मग ती बुलढाण्यात तिच्या खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहायला आली आणि रोज सकाळी आठला वह्या घेऊन आमच्या घरी हजर होऊ लागली.

दोघींचा कच्चा विषय एकच, रक्ताभिसरण. पहिल्या वर्षी परक्या भाषेत घोकलेलं. पाठ होतं, कळलं नव्हतं. मैत्रिणीनं नियम काढला: पुस्तक मिटायचं आणि माझ्या आईला समजावायचं. आई अंगणवाडी सेविका, दहावी शिकलेली. अंगणवाडीत जाण्याआधी भाजी निवडता निवडता ती ऐकायची.

एकदा तिनं विचारलं, "माणूस उभा राह्यला त रगत पायात काऊन नाही साचत?"

"शिरायमधी झडपा असतात, काकू," मैत्रीण म्हणाली. "त्या रगताले माघारी येऊ देत नाहीत."

"मंग कार्यक्रमात लेकरं उभ्या उभ्या चक्कर येऊन काऊन पडतात? झडपा त त्यायलेबी असतीन."

 मग मैत्रिणीनं आईला दिवाणावर झोपवलं, पाच मिनिटांनी नाडी मोजली. उभं करून पुन्हा मोजली. ठोके वाढले होते.

"पाहा काकू, रगत खाली उतरलं. दाब कमी झाला हे मानेतल्या नाडीनं मेंदूले कळवलं, म्हणून हृदय जोरात पळून राह्यलं."

पुढचं माझ्या तोंडून निघालं. "पण लेकरू हललंच नाही, त पोटऱ्या रगत वर ढकलत नाहीत. हृदयापर्यंत रगतच कमी येते. मेंदूले पुरत नाही, अन् लेकरू पडते."

पुस्तकातलं एकही वाक्य न आठवता मी पहिल्यांदाच बोलले होते.

"हे समजलं," आई म्हणाली. पुढच्या झेंडावंदनाला तिनं लेकरांना सतरंजीवर बसवूनच भाषणं ऐकवली. पाहुण्यांनी हटकलं, तर कारणही सांगितलं.

दुसऱ्या खेपेला मैत्रीण पास झाली. मी थोडक्यात राहिले. दुसऱ्या दिवशी आठ वाजता ती दारात!

"आता तू काऊन आली?" मी विचारलं. मला रडू येत होतं.

"काकू प्रश्न विचारते नं. तुले एकटीले झेपणार हायेत का?"

इंटर्नशिप सुरू होईपर्यंत ती रोज आली. नंतर ड्युटी सांभाळून फोनवर शिकवत राहिली. तिसऱ्या खेपेला मी पास झाले. निकाल कळवला तेव्हा ती वॉर्डात होती. एवढ्यानं ओरडली, की सिस्टर तिला रागावल्या ते मलाही ऐकू आलं.

आई अंगणवाडीत सगळ्यांना सांगते, दोन डॉक्टर तिनं शिकवले. आम्ही दोघीही मान डोलावतो.