रुक्माबाईचा कौल

डॉक्टर म्हणाले, नागोजीचा पाय गुडघ्यापासून कापावा लागेल, दुपारपर्यंत सही हवी. नागोजी बेशुद्ध होता. त्याची बायको रुक्माबाई पिरनवाडीच्या देवळात धावली. गुरवानं कौलासाठी देवीला पाकळ्या लावल्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, पण एकही पडेना.

"आई, काय तरी सांग गं!" ती रडून विनवू लागली. रडताना तिला डोळ्यांपुढं एका पायाचा नागोजी घराच्या दारात बसलेला दिसला आणि छाती क्षणभर हलकी झाली. तोच कौल मानून तिनं सही केली.

नागोजी वाचला. शुद्धीवर येताच त्यानं चादर चाचपली.

"कुणाला इचारलंस?"

"देवीला."

"व्हय म्हणाली?"

"न्हाय. मलाच तसं वाटलं."

त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं. चार महिने झाले, तो तिच्याशी बोललेला नाही. ती रोज त्याची जखम धुते. त्या दिवशी देवी बोलली की आपली भीती, हे तिला अजून कळलेलं नाही.